किलमोरनच्या सभासदाची भाषणं

जर्विस बोलायला उभा राहिला तेव्हा मी सज्जातल्या पुढच्या बाकावर बसून त्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मला ते पाठ होतं. मीच लिहिलेलं होतं.

जर्विस हॅकेट माझा धाकटा भाऊ. किलमोरन या आमच्या गावाकडून तो डब्लिनच्या आयरिश पार्लमेंटात निवडून आला होता. आवाज वडिलांसारखा खर्जातला. तो उभा राहिला की सभागृह आपोआप गप्प व्हायचं. फक्त काय बोलायचं ते त्याला सुचत नसे. ते मी लिहून द्यायची. चार वर्षं हे चाललं होतं आणि आम्हा दोघांखेरीज कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बायकांना सभागृहात जागा नव्हती, सज्जात बसून ऐकायची मुभा तेवढी होती. खाली तो बोलायचा, वर मी ऐकायची, आणि लोकांनी वाहवा केली की मान खाली घालून हातमोजे सारखे करायची, म्हणजे चेहऱ्यावरचं हसू कुणाला दिसू नये.

त्या दिवशी, १७९७ च्या फेब्रुवारीत, वाद होता तो शिपायांच्या जुलमाचा. डब्लिनच्या किल्ल्यात बसून कारभार हाकणाऱ्या इंग्रज सरकारनं खेडोपाडी घोडेस्वार सोडले होते. ते लपवलेली हत्यारं शोधत फिरत आणि सापडली नाहीत की घराला काडी लावत. मी कायद्याची कलमं काढली होती, रोमचे दाखले शोधले होते. तीन दिवस खपून भाषण उभं केलं होतं. जर्विसनं खिशाकडे हात नेला, तो तसाच खाली सोडला, आणि म्हणाला,

"माझ्या गावात एक दार आहे."

हे माझं नव्हतं.

"घर जळलं. छप्पर गेलं, भिंती गेल्या. दार तेवढं चौकटीत उभं आहे. घरची बाई रोज तिथे येते. दार उघडते, आत जाते, आणि वळून ते लावून घेते. सरकारपक्षाच्या सन्माननीय सभासदांनी मला एवढंच सांगावं, की त्या दाराच्या आत आता काय राहिलंय, ज्याची ती राखण करते आहे."

एवढं बोलून तो थांबला. सहाशे माणसांच्या त्या सज्जात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या प्रॉटेस्टंट बिशपच्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल," ती पुटपुटली. मी मान हलवली. या वेळी लपवायला चेहऱ्यावर हसू नव्हतं.

घरी आल्यावर मी टोपी काढायच्या आधी विचारलं, "कुणाचं होतं ते?"

जर्विस ओशाळला. "रागावू नकोस, डोसिया. तुझं भाषण चांगलंच होतं. पण सकाळी एक माणूस आला, गावाकडचा. त्यानं मला ते दाराचं सांगितलं आणि माझ्या डोक्यातून ते जाईचना."

"सांगितलं, की लिहून दिलं?"

"आधी सांगितलं. मग मी म्हटलं, लिहून दे."

तो माणूस म्हणजे फेलिम ब्रॉफी. किलमोरनच्या बाहेर एका गोठ्यात तो शाळा चालवायचा. ती शाळाही घोडेस्वारांनी जाळली होती आणि ती तक्रार घेऊन तो चालत डब्लिनला आला होता. पस्तिशीचा, किडकिडीत, खांदे पडलेले. मागच्या खोलीत तो पाव खात बसला होता. मला पाहून उठला, हातातला तुकडा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. असल्या माणसानं ती वाक्यं लिहिली असतील यावर माझा विश्वास बसेना, आणि लगेच बसला, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

जर्विसनं त्याला ठेवून घेतलं. लेखनिक म्हणून. घरात सगळे त्याला ब्रॉफीमास्तर म्हणू लागले. माझ्याकडे काम आलं ते त्याच्या मसुद्यांची सुवाच्य प्रत काढण्याचं, कारण त्याचं अक्षर जर्विसला लागत नसे. "तुझ्यासारखं अक्षर कुणाचं नाही," जर्विस म्हणाला. त्याला वाटलं, आपण माझी समजूत घातली.

त्या वर्षभरात मी त्या माणसाचं एकूण एक वाक्य दोनदा लिहिलं. एकदा जर्विससाठी, एकदा माझ्यासाठी. माझी प्रत मी खोलीचं दार लावून वाचायची. कुठे काय आहे ते शोधायची. विशेषण जवळजवळ नाहीच. मोठा शब्द वाक्याच्या शेवटी कधी नाही, शेवटी हमखास एखादी साधी वस्तू, दार, फावडं, दुधाचा तांब्या. प्रश्न विचारायचा तो उत्तर ठाऊक असलेला, आणि उत्तर द्यायचं नाही. मी हे सगळं टिपून ठेवलं. कुठल्याही पुस्तकाचा असा अभ्यास मी जन्मात केला नव्हता. आणि प्रत्येक नवं भाषण आलं की पहिल्यांदा हेच बघायची, आता तरी हा कुठे घसरलाय का. तो घसरत नसे.

त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा मी प्रत काढत असताना तो दारात येऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, एक विचारू? आधी साहेबांची भाषणं तुम्ही लिहायचात ना?"

"जर्विसनं सांगितलं?"

"नाही. जुनी वर्तमानपत्रं वाचली, मग तुमचं बोलणं ऐकलं. एकच माणूस आहे." तो थोडा पुढे आला. "मी कॅथलिक, मला त्या सभागृहात बसता येत नाही. तुम्ही बाई, तुम्हालाही नाही. दोघांत मिळून आपल्याला तोंड एकच आहे. आपण दोघांनी मिळून लिहिलं तर?"

त्यानं ते इतक्या मोकळेपणानं विचारलं, की कुणी दुसरी असती तर खुर्ची पुढे सरकवली असती. मी म्हटलं, "मास्तर, शाई संपत आलीय. तेवढी भरून ठेवा."

त्यानं शाई भरून ठेवली.

शरद ऋतूत खलाशांचं भाषण आलं. खटला न चालवता गावोगावची तरणी पोरं पकडून आरमारात पाठवत होते, त्याविषयी. प्रत काढता काढता माझा हात थांबला. मला एक गोष्ट दिसली आणि मी मसुद्यात नसलेली तीन वाक्यं मधे लिहिली. पोराला नेलं त्या दिवसापासून त्याची आई त्याचे बूट रोज संध्याकाळी चुलीजवळ वाळत ठेवते. बूट ओले नसतात. तरी ती ठेवते.

जर्विस ते जसंच्या तसं बोलला. दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांनी सगळं भाषण सोडून नेमकी तीच तीन वाक्यं छापली.

ब्रॉफीमास्तर वर्तमानपत्र हातात घेऊनच माझ्याकडे आला. "हे बुटांचं माझं नाही."

"नाही?"

"मी तीनदा वाचलं. मला वाटायला लागलं, मीच लिहिलं आणि विसरलो." तो मनापासून हसला. "बाईसाहेब, तुम्ही माझ्यासारखं लिहू शकता, हे मला सांगितलं का नाहीत?"

तो खूश झाला होता. खरंच खूश झाला होता. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात मी लिहिलेली सगळ्यांत चांगली तीन वाक्यं, आणि ती त्याच्यासारखी झाली होती. त्या रात्री मी माझ्या सगळ्या प्रती शेकोटीत घातल्या. त्यानं काही फरक पडला नाही. त्या मला पाठ झाल्या होत्या.

मग अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. मार्चमध्ये देशभर लष्करी कायदा पुकारला गेला आणि मे महिन्यात बंड पेटलं. बंडाचा जोर होता त्या वेक्सफर्डकडून बातम्या यायच्या त्या रोज वेगळ्या. डब्लिनमध्ये पुलापुलांवर शिपाई उभे राहिले. जर्विस सभागृहात जाईनासा झाला होता. ब्रॉफीमास्तर दोनदा गावाकडे जाऊन आला, आईला बघायला म्हणून. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता आणि तो कुणाशी फारसं बोलत नव्हता.

बंडाला आठवडा झाला असेल. सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो आणि लॅम्बर्टसाहेब आले. हे मॅजिस्ट्रेट होते, पण जर्विसचे कॉलेजातले मित्रही. वादसभेत दोघं एकत्र बोललेले. नेहमी येताना माझ्यासाठी एखादं पुस्तक आणायचे. त्या दिवशी काही आणलं नव्हतं. बाहेर अंगणात सहा शिपाई होते.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छापील पत्रक काढून टेबलावर ठेवलं. "वाच, जर्विस."

जर्विस वाचायला लागला तशी मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. *आम्ही अर्ज केले. अर्जाला उत्तर म्हणून घोडेस्वार आले. आता अर्ज करायचं सरलं. जो कागद उरलाय तो बंदुकीत ठासायला घ्या.* खाली नाव नव्हतं. नावाची मला गरजही नव्हती. दुसऱ्या वाक्यालाच मी ओळखलं होतं.

"हे वेक्सफर्डला मेलेल्या माणसांच्या खिशांत सापडतंय," लॅम्बर्टसाहेब म्हणाले. "मी रात्री हे वाचलं आणि मला झोप लागली नाही. मी तुझी सगळी भाषणं वाचली आहेत, जर्विस. सज्जात बसून ऐकलीही आहेत. हे तू लिहिलंस."

"मी नाही लिहिलं!"

"मग तुझ्या भाषणांसारखं हुबेहूब लिहिणारा दुसरा कोण आहे?"

जर्विसचा चेहरा पांढराफटक पडला. तो माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी वडिलांनी काही विचारलं की बघायचा तसा.

"मी आपणहून आलो आहे," लॅम्बर्टसाहेब म्हणाले. "किल्ल्यात अजून कुणाला बोललेलो नाही. पण आज संध्याकाळपर्यंत मला एक नाव द्यावं लागेल. न दिलं तर दुसरा कुणीतरी येईल, आणि तो वाचणारा माणूस नसेल."

"मी लिहिलं," मी म्हणाले.

ते हसले. कुत्सितपणे नाही, दमलेल्या माणसासारखे. "डोसिया, भावासाठी जीव टाकतेस हे मला माहीत आहे."

"त्याची भाषणंही मीच लिहिते. तो निवडून आला त्या दिवसापासून. विचारा त्याला."

लॅम्बर्टसाहेबांनी जर्विसकडे पाहिलं. तो पुटपुटला, "खरं आहे ते. डोसिया लिहिते." त्याला खोटं बोलता येत नसे, पण हे अर्धं खरं होतं, आणि तेवढ्यावर त्याचा चेहरा निभावून गेला.

लॅम्बर्टसाहेब खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "हे खरं असेल तर सगळंच सोपं होईल. ऐक. बिशपच्या बायकोबरोबर चहा घेणाऱ्या बाईला कुणी फाशी देत नाही. मी सांगेन, एका रिकामटेकड्या बाईनं डोकं फिरल्यासारखं काहीबाही लिहिलं आणि छापखान्यानं ते पळवलं. ते हसतील. तुला वर्षभर इंग्लंडमध्ये एखाद्या मावशीकडे राहावं लागेल. प्रकरण मिटेल. कुणालाच काही होणार नाही." त्यांनी 'कुणालाच' यावर जोर दिला. मागच्या खोलीत कोण बसतं ते त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही. "पण मला पटलं पाहिजे. उद्या मला कुणी शपथेवर विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे, की ही बाई लिहिताना मी पाहिली."

त्यांनी बशा बाजूला सरकवल्या. कागद, दौत, लेखणी माझ्यापुढे ठेवली.

"लिही. एक परिच्छेद पुरे. विषय..." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "पुलावर शिपाई उभे आहेत. त्यावर लिही."

मी लेखणी शाईत बुडवली. थोडा वेळ थांबले. मग लिहिलं. पंधरा-वीस ओळी असतील. जर्विस माझ्या हाताकडे असा बघत होता की जणू मी त्याला दोरानं विहिरीतून वर ओढते आहे.

लॅम्बर्टसाहेबांनी कागद घेतला आणि खिडकीशी जाऊन वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निराशा होती.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "भाषा स्वच्छ, विचार सुसंगत. जुनी भाषणं तुझी होती, हे आता मला पटलं. पण ते पत्रक तुझं नाही, डोसिया. आणि गेल्या वर्षभरातली भाषणंही तुझी नाहीत. तो माणूस वेगळा आहे."

मी लेखणी दौतीत ठेवली.

"मग राहिलास तू, जर्विस," ते म्हणाले आणि अंगणाकडे पाहून हात वर केला. शिपायांचे बूट फरशीवर वाजले.

"ब्रॉफी!" जर्विस ओरडला. त्याचा तो खर्जातला आवाज फाटला होता. "ब्रॉफी लिहितो. मागच्या खोलीत आहे."

त्याला आणायला दोन शिपाई गेले. तो त्यांच्यामधून चालत आला तेव्हा बोटांवर शाई होती, कारण तो जर्विससाठीच काहीतरी लिहीत होता. टेबलावरचं पत्रक त्यानं पाहिलं आणि लॅम्बर्टसाहेबांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "हो, माझं आहे. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं."

मग त्याची नजर माझ्या कागदावर पडली. शाई अजून ओली होती. "हे काय?"

लॅम्बर्टसाहेब सभ्य माणूस होते. त्यांनी त्याला सांगितलं. "बाईसाहेबांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. मी त्यांना लिहून दाखवायला सांगितलं. हे तुमच्यासारखं अर्धंमुर्धं जरी उतरलं असतं ना, तर मी कागद खिशात घालून घरी गेलो असतो."

ब्रॉफीमास्तरनं विचारलं, "वाचू का?"

शिपायानं त्याचा दंड सोडला. तो कागद त्यानं दोन्ही हातांनी धरून वाचला, घाईघाईनं नाही, विद्यार्थ्याची पाटी तपासावी तसा. शेवटाला आला, पुन्हा वर गेला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"छान लिहिलंय, बाईसाहेब," तो म्हणाला. "यातलं सगळं तुमचं आहे."

त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि शिपायांबरोबर गेला. चार दिवसांनी बराकीच्या आवारात त्याला फाशी दिलं. सुनावणी अर्ध्या तासात उरकली. सरकारपक्षाच्या वकिलानं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मला लॅम्बर्टसाहेबांकडून कळलं, की वाचताना तो वकील दोन ठिकाणी अडखळला.

जर्विस त्यानंतर सभागृहात कधी बोलला नाही. दोन वर्षांनी आमचं ते पार्लमेंटच मोडून लंडनच्या पार्लमेंटात मिसळून टाकायचा ठराव आला. ज्याला म्हणून तोंड होतं तो त्या दिवसांत बोलला. मी विचारलं, "लिहून देऊ?" तो म्हणाला, "नको." त्यानं विरोधात मत दिलं आणि गप्प खाली बसला. ठराव मंजूर झाला. आम्ही किलमोरनला राहायला आलो.

मी लग्न केलं नाही. गावात, नात्यात, सगळ्यांनी त्याचं कारण परस्पर ठरवून टाकलं. फाशी गेलेल्या मास्तरावर तिचा जीव होता, त्याला वाचवायला तिनं स्वतःचं नाव पुढे केलं होतं, म्हणत. तरुण मुली माझ्याकडे आदरानं बघत. ब्रॉफीची म्हातारी आई जिवंत होती तोवर दर नाताळला लोणी पाठवायची. मी ते ठेवून घ्यायची. जर्विसकडे मात्र गावातले कॅथलिक वळून बघत नसत. दुकानात तो शिरला की बोलणं थांबे. त्याच्या तोंडून ते नाव निघालं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

पंचवीस वर्षं त्यानं ते सोसलं. १८२३ च्या हिवाळ्यात त्याच्या छातीत पाणी झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, आता थोडे दिवस. एका दुपारी मी त्याला रस्सा भरवत होते. त्यानं चमचा हातानं दूर केला.

"डोसिया, मला माफ केलंस का?"

"कशाबद्दल?"

"तुला ठाऊक आहे. तू त्याला जवळजवळ वाचवलं होतंस. मी जरा वेळ गप्प राहिलो असतो..." त्याला दम लागला. "तुझा त्याच्यावर जीव होता. आणि तू मला पंचवीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाहीस."

मी वाडगा खाली ठेवला. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हे ओझं घेऊन तो जाईल, आणि ते त्याचं नाही.

"जर्विस, माझा त्याच्यावर जीव नव्हता. मला त्याचा हेवा वाटायचा. रोज, सकाळी उठल्यापासून. मी त्याच्यासारखं लिहू शकत होते."

त्यानं उशीवरून डोकं उचललं.

"बुटांचं वाक्य माझं होतं. आठवतं, आईनं वाळत ठेवलेले बूट? त्या सकाळीही मी लेखणी बुडवली तेव्हा पहिलं वाक्य तयार होतं, त्याच्या धाटणीचं. पुलावर एक शिपाई उभा आहे आणि त्याच्या बंदुकीला आमच्या शेजारणीची किटली अडकवलेली आहे. पुढचंही होतं. शेवटपर्यंत होतं. लॅम्बर्ट एका ओळीत फसला असता."

"मग?"

"मग मला वाटलं, लॅम्बर्ट हे वाचेल आणि म्हणेल, हो, हीच ती. आणि जन्मभर मी ब्रॉफीच्या वाक्यांची लेखिका म्हणून राहीन. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं, लिही, तुझ्या नावानं लिही. वाचणारा माणूस होता तो. मला त्याला माझं वाचायला द्यायचं होतं. एवढंच. मी माझ्यासारखं लिहिलं, मुद्दाम. ब्रॉफीनं तो कागद वाचला आणि त्याला तिथल्या तिथे कळलं. तुला नाही कळलं, लॅम्बर्टला नाही. त्याला कळलं. तो 'सगळं तुमचं आहे' म्हणाला ते उगाच नाही."

मला वाटलं होतं, तो तोंड फिरवेल. निदान रागावेल. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्याचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं चाचपडत माझा हात शोधून धरला.

"किती करतेस गं माझ्यासाठी," तो म्हणाला.

"जर्विस, हे खरं आहे."

"कळतंय मला. मला हलकं वाटावं म्हणून. बंदुकीला अडकवलेली किटली!" तो हसला आणि त्या हसण्यानं त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी त्याची पाठ चोळत राहिले. "अजून तुला माझ्यासाठी इतकं छान लिहिता येतं."

"मी शपथ घेते. बायबल आणते."

"नको," तो म्हणाला. "उगीच खोटी शपथ कशाला घेतेस?" आणि त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. तोवर त्याला माणसं ओळखू येत नव्हती. गुरुवारी तो गेला. त्याच्या दफनाला आमच्या नात्यातली माणसं आली, गावातलं कुणी आलं नाही. परतताना चर्चच्या फाटकाशी ब्रॉफीचा पुतण्या थांबला होता. माझ्यासाठी थांबला होता. त्यानं टोपी काढली, माझ्या हातातली छत्री घेतली आणि घरापर्यंत माझ्या डोक्यावर धरून चालत आला.